पोराचं ऑपरेशन ठरलंय? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या आईबापांनी आधीपासून काय काय करायचं

डॉक्टरनी "ऑपरेशन करावं लागेल" म्हटलं की घरात दोन गोष्टी सुरू होतात, एक म्हणजे आई गप्प होते आणि दुसरं म्हणजे पाहुण्यांचे फोन. कुणी म्हणतं कोल्हापूरला न्या, कुणी म्हणतं मिरजेला न्या, कुणाच्या तरी मेहुण्याच्या पोराचं गोव्याला झालेलं असतं. हे लिहितेय ते हर्निया, हायड्रोसील, टॉन्सिल, अपेंडिक्स, हाताचं फ्रॅक्चर असल्या नेहमीच्या ऑपरेशनसाठी, हृदयाबिदयाचं मोठं असेल तर तुमचे डॉक्टर सांगतील ते यापेक्षा वरचढ धरा. ऑपरेशन डॉक्टर करणार, आपल्या हातात बाकीचं सगळं, आणि ते जितकं आधी उरकाल तितके त्या दिवशी तुम्ही पोराजवळ बसायला मोकळे. त्या दिवशी झेरॉक्स काढायला पळणारा बाप आणि फोनवर पाहुण्यांना सांगत बसलेली आई, यात पोरगं एकटं पडतं.

पहिलं काम: डॉक्टरना प्रश्न विचारायचे, लाजायचं नाही

घरीच कागदावर लिहून न्या, कारण केबिनमध्ये गेलं की आपलं डोकं बंद पडतं. कशाचं ऑपरेशन, आत्ताच करायला हवं का थांबलं तर चालतंय, पूर्ण भूल देणार का, किती दिवस राहायचं, टाके काढायला परत यायचं का आपोआप विरघळणारे घालणार, खर्च किती आणि त्यात औषधं धरलीत का. "थांबलं तर चालतंय का" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मुलाची गोटी (वृषण) पिशवीत खाली उतरलेली नसेल तर सहा महिन्यानंतर आणि शक्यतो दीड वर्षाच्या आत ऑपरेशन करतात, तिथं "मोठा झाला की बघू" म्हणून चालत नाही. तान्ह्या बाळाच्या जांघेतला हर्निया पण लांबवत नाहीत कारण आतडं अडकायची भीती असते. जांघेतली गाठ कडक झाली, आत जाईना, पोरगं कळवळून रडतंय, उलट्या करतंय असं झालं तर तारखेची वाट बघायची नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं, १०८ ला फोन करा.

जवळ कुठलं बघायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. बेळगावात बिम्सचं सिव्हिल आहे, केएलईचं खासगी हॉस्पिटल आहे, निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल नाहीतर मिरज सोयीचं पडतं. माझं मत विचाराल तर साध्या ऑपरेशनला लांबचं मोठं नाव शोधण्यापेक्षा लहान मुलांचे सर्जन आणि लहान पोरांना नेहमी भूल देणारे डॉक्टर जिथं आहेत ते जवळचं ठिकाण बरं, कारण नंतर दाखवायला परत परत जावं लागतं आणि रात्री ताप आला तर दीडशे किलोमीटर कोण जाणार.

कागदं, आणि यातच खरी दमछाक

कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे, बीपीएल रेशन कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत उपचार, एपीएल असेल तर पॅकेजच्या म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के सरकार देतं, वर्षाला दीड लाखाच्या आत. पण लोकांना वाटतं कार्ड दाखवलं की कुठल्याही खासगी हॉस्पिटलात फुकट, तसं नाहीये. साधी ऑपरेशनं सरकारी हॉस्पिटलातच होतात, तिथं सोय नसेल तर ते रेफरलची चिठ्ठी देतात आणि मग योजनेतल्या खासगी हॉस्पिटलात जाता येतं. इमर्जन्सीला चिठ्ठी लागत नाही. म्हणजे आधी सरकारी दवाखाना, मग पुढचं. उलटा प्रवास केला की चिठ्ठीसाठी परत मागं यावं लागतं.

आणि आता सगळ्यात अडणारी गोष्ट. पोराचं नाव रेशन कार्डात आहे का बघा. आज, आत्ता उठून बघा! पोरगं चार वर्षाचं झालं तरी कार्डात नाव घातलेलं नसतं अशी घरं आपल्याकडं भरपूर. शिवाय आधारवर एक स्पेलिंग, जन्मदाखल्यावर दुसरं, रेशन कार्डावर कन्नडात तिसरंच, असं असतं आणि काउंटरवर नेमकं तिथं गाडं अडतं. लहानपणी काढलेलं बाल आधार असेल तर पाच वर्षानंतर बोटांचे ठसे घालून अपडेट करायला लागतं, ते राहिलं असेल तर उरकून घ्या. मूळ कागद एका प्लास्टिकच्या फाईलीत, झेरॉक्सचे चार-पाच संच, पासपोर्ट फोटो, आणि सगळ्याचे मोबाईलमध्ये फोटो काढून नवरा-बायको दोघांकडं ठेवा.

अजून दोन-तीन वाटा आहेत त्या विचारून ठेवा. पोरगं अंगणवाडीत किंवा सरकारी शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासायला येते, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, दुभंगलेले ओठ-टाळू, हृदयाचे जन्मजात दोष, वाकडी पावलं असल्या गोष्टींना त्यातून पुढं पाठवतात, अंगणवाडीच्या बाईंना विचारा. सहकारी संस्थेचे सभासद असाल तर यशस्विनी योजनेचं कार्ड काढलंय का बघा, फॅक्टरीत कामाला असाल तर ईएसआय (कामगार विमा). आणि महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलंय, तिकडं कोल्हापूरला नेणार असाल तर हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा तिथला माणूस) आधी फोन करून आपल्या गावाला सध्या चालतंय का, कुठला दाखला लागतो, ते विचारूनच निघा. सीमाप्रश्नावर आपण गेली कित्येक वर्षं भांडतोय, पण ऍडमिशनच्या काउंटरवर त्याचा उपयोग नाही, तिथं कागद बोलतो.

पोराला कधी आणि कसं सांगायचं

यावर आपल्याकडं सगळ्यात वाईट पद्धत आहे. "चल, कुंदा खायला बेळगावला जाऊ" म्हणून नेतात आणि तिथं कॉटवर झोपवतात. पोरगं त्यानंतर महिनाभर कुणाच्या गाडीत बसत नाही, आणि बसूही नये! खोटं सांगायचं नाही. "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई मारतील" ही धमकी तर ऑपरेशन असो नसो, घरातनं कायमची बंद करा.

दोन-तीन वर्षांच्या पोराला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरे, लवकर सांगून त्याला दिवस कळत नाहीत. चार ते सहा वर्षांच्याला तीन-चार दिवस आधी. त्याहून मोठ्याला आठवडाभर आधी, आणि त्याच्या प्रश्नांना नीट उत्तरं द्यायची. शब्द साधे ठेवा. "डॉक्टर तुला कापणार" असं नको, "पोटाजवळची गाठ डॉक्टर नीट करणार, तेव्हा तुला औषधानं झोप लागेल, काही कळणार नाही, मग जाग येईल आणि मी तिथंच असेन". एक लक्षात ठेवा, आपल्याकडची पोरं "झोपवलं" हा शब्द मेलेल्या कुत्र्याबद्दल नाहीतर आजोबांबद्दल ऐकलेली असू शकतात, म्हणून "औषधाची झोप, यातनं सगळे उठतात" हे स्पष्ट सांगायचं. दुखेल का विचारलं तर "थोडं दुखेल, दुखलं की मला सांग, औषध आहे" म्हणायचं. "काहीच दुखणार नाही" म्हटलं आणि दुखलं की तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचा पण विश्वास गेला.

बाहुली-अस्वल काहीतरी घ्या आणि डॉक्टर-डॉक्टर खेळा. आमच्या शेजारच्या छोकरीनं आपल्या बाहुलीच्या हाताला चिकटपट्टी लावून त्याला सुतळी बांधली, सुतळीचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला, ही सलाईन. मग बाहुलीला दम देत होती, "हात हालवूलीस कशाला गे, सुई निघंल की." दुसऱ्या दिवशी खऱ्या सलाईनला तिनं स्वतःचा हात धरून ठेवला. मोठं पोरगं असेल तर त्याला एखादी निवड द्या, कुठल्या हाताला सुई, कुठला शर्ट घालायचा, सोबत कुठलं खेळणं. ऑपरेशन करायचं का नाही हे मात्र त्याला विचारायचं नाही, कारण "नको" म्हटल्यावर काय करणार.

भाषेचं पण बघा. बेळगावात बऱ्याच सिस्टरना मराठी येतं, पण ड्युटी बदलली की रात्रीची सिस्टर फक्त कन्नड बोलणारी असू शकते आणि घरात मराठी बोलणारं पोरगं तिच्यापुढं गप्प बसतं. नोवु म्हणजे दुखतंय, नीरु म्हणजे पाणी, वांती म्हणजे उलटी, एवढे तीन शब्द खेळता खेळता शिकवून ठेवा. आणि संमतीपत्र इंग्लिश नाहीतर कन्नडात असतं, ते मराठीत समजावून सांगा म्हणून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, न समजता सही करू नका.

आदले दिवस

सर्दी-खोकला-ताप असेल तर लपवायचं नाही. जून-जुलैमध्ये आपल्याकडं पाऊस लागला की निम्मी पोरं शेंबडी, आणि सर्दीत भूल दिली तर श्वासाचा त्रास वाढू शकतो म्हणून डॉक्टर दोन-चार आठवडे पुढं ढकलतात. वैताग येतो, रजा वाया जाते, पण ढकललेलं बरं. भूल देणाऱ्या डॉक्टरना हे पण सांगा: दमा, फिट्स, कुठल्या औषधाची ॲलर्जी, नुकतीच घेतलेली लस, घरात कुणाला भुलीचा त्रास झालेला, आणि हालणारा दुधाचा दात. हालणारा दात भुलीत पडला तर श्वासनळीत जाऊ शकतो, म्हणून ते विचारतात.

नखाचं पॉलिश आणि मेंदी काढा नाहीतर लावूच नका, बोटाला जे यंत्र लावतात त्याला त्यातनं नीट दिसत नाही. काजळ नको. वाळे, तोरड्या, करदोटा, ताईत, काळा दोरा सगळं निघतं आत जाताना. यावरनं ऑपरेशनच्या दारात भांडणं होतात हो! सिस्टर कात्रीनं दोरा कापते आणि आज्जी रडायला लागते. त्यापेक्षा आदल्या रात्री आज्जीच्याच हातानं सोडवून घ्या आणि तिच्याकडंच ठेवायला द्या, परत बांधायचं काम तिचं. दृष्ट काढायची तर घरीच काढून या, वॉर्डात धूप-उदबत्ती-कापूर अजिबात नको, तिथं ऑक्सिजन असतो.

पिशवीत काय: पुढनं उघडणारे सुती शर्ट, ढिल्या चड्ड्या, एक वाकळ (हॉस्पिटलचं ब्लँकेट कसं असेल देव जाणे), फ्लास्क, पोराचा नेहमीचा पेला आणि चमचा, चार्जर, ओला रुमाल, उलटीसाठी प्लास्टिकचा डबा, आणि त्याचं आवडतं जे काही आहे ते, मळलेलं असलं तरी तेच. रात्री बहुतेक एकालाच थांबू देतात, तिला खाली चटईवर झोपावं लागतं, म्हणून एक जास्तीची चादर. घरच्या दुसऱ्या पोराला कोण बघणार हे पण ठरवा, मावशीकडं सोडायचं तर त्यालाही खरं सांगून सोडा.

उपाशी ठेवायचं म्हणजे नेमकं काय

हा भाग नीट वाचा. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून पोट रिकामं लागतं. साधारण नियम असा: जेवण, बिस्कीट, गाईचं दूध, पावडरचं दूध हे ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. पण तुमच्या हॉस्पिटलनं सांगितलेली वेळ तीच खरी, आणि ती "रात्री बारानंतर काही नको" अशी सरसकट सांगितली असेल तर "डॉक्टर, नंबर किती वाजता आहे, पाणी कधीपर्यंत चालेल" हे जरूर विचारा, कारण तान्ह्या बाळाला उगाच दहा-बारा तास उपाशी ठेवणं पण बरोबर नाही, त्याची साखर कमी होऊ शकते. चहा पाणी नव्हे, त्यात दूध असतं. ताक पण नव्हे.

धोका पोराकडनं नाही, आज्जा-आज्जीकडनं आहे. "आज्जा, भूक लागल्या" म्हटलं की कुठला आज्जा थांबतोय? आमच्या ओळखीच्या एका घरात व्हरांड्यात आजोबांनी खिशातलं पारले-जी हळूच दिलं, पोरानं भूल देणाऱ्या डॉक्टरना अगदी खरं खरं सांगितलं, "आत्ताच खाल्लो", आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. पोरगं खरं बोललं हे नशीब. म्हणून सकाळी सगळ्यांचे खिसे रिकामे, पोरासमोर कुणी नाष्टा करायचा नाही, आणि चुकून काही खाल्लंच तर घाबरून लपवायचं नाही, सांगायचं. कोणी मारत नाही.

त्या दिवशी

आत नेताना काही ठिकाणी आईला भूल लागेपर्यंत थांबू देतात, विचारून बघा. थांबलात तर मास्क लावल्यावर पोरगं एकदम ढिलं पडतं, डोळे वर जातात, हात हालवतं, हे नेहमीचं आहे. तुम्हीच रडणार असाल तर बापाला नाहीतर मामाला पाठवा, त्यात काही कमीपणा नाही. कधी कधी आधी एक औषध पाजतात, त्यानं पोरगं गुंगतं आणि काहीबाही बडबडतं.

बाहेर थांबताना एकानं हलायचं नाही, कारण मधेच औषध आणायला नाव पुकारतात. बाकीच्यांनी चहा प्या. रक्ताची सोय लागणार असेल तर ती आधीच केलेली असायला हवी, त्या वेळी फोन फिरवत बसू नका.

बाहेर आणल्यावर अर्धा-पाऊण तास काही पोरं भयंकर रडतात, लाथा मारतात, आईला पण ओळखत नाहीत. दोन ते पाच-सहा वर्षाच्यांत हे जास्त. भूल उतरतानाचं आहे, आपोआप जातं, "माझ्या पोराचं डोकं फिरलं" म्हणून घाबरू नका. सलाईनचा हात धरा, उजेड-आवाज कमी करा, हळू आवाजात तेच तेच बोला. कमरेतनं बधिर करायचं इंजेक्शन दिलं असेल तर काही तास पाय जड वाटतात. एक-दोन उलट्या, घसा बसणं हे पण चालतं. पाणी सिस्टरनी सांगितल्यावरच, आणि घोट घोट.

वॉर्डात आणि घरी: दुखणं

गप्प पडलेलं पोरगं म्हणजे शहाणं पोरगं असं समजू नका, दुखतंय म्हणून पण हालत नाहीत. पहिले दोन-तीन दिवस दुखण्याचं औषध रडल्यावर न देता डॉक्टरनी सांगितलेल्या वेळेला द्यायचं, एकदा दुखणं चढलं की उतरायला वेळ लागतो. पॅरासिटामॉलच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, पाच एमएलमध्ये १२५ची पण आणि २५०ची पण, दिसायला सारख्याच. चुकीची आली तर डोस दुप्पट होतो. म्हणून चिठ्ठी आणि बाटली दोन्ही वाचा, घरच्या चमच्यानं नाही, बाटलीबरोबरच्या मापानं द्या, आणि सर्दीच्या सिरपमध्ये पण तेच औषध असतं ते मनानं वर देऊ नका. ॲस्पिरिन पोरांना नाही.

सुई टोचताना झोपवून चौघांनी दाबून धरण्यापेक्षा मांडीवर छातीशी घेऊन धरा, अंगावर पिणारं बाळ असेल तर पाजता पाजता सुई द्या म्हणा, कमी रडतं. मोठ्याला साबणाचे फुगे फुंकायला द्या, पोटाच्या ऑपरेशननंतर खोल श्वास घ्यायला त्याचा उपयोग पण होतो. आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांना घरी यायला सांगा, वॉर्डात दहा जण उभे राहून "अरे देवा, किती लहान आहे ओ" म्हणाले की पोरगं अजून घाबरतं.

खाण्याचं: डॉक्टरनी परवानगी दिली की मऊ भात, आमटी, नाचणीची अंबील, इडली. "दूध दिलं की पू होतो", "भात वातूळ", "वांगं-बटाटा नको" असं जो तो सांगणार, पण जखम भरायला खाणंच लागतं, अंडं-डाळ-दूध सगळं चालतं, डॉक्टरनी नको म्हटलेलं सोडून. टॉन्सिलच्या पोराला घोट घोट पाणी सारखं पाजा, गिळायला दुखतं म्हणून पीत नाहीत आणि मग अजून दुखतं, कान पण दुखतो. घशात पांढरा थर आणि तोंडाला वास येतो, तो पू नव्हे.

जखमेवर हळद, तूप, खोबरेल, कुणी दिलेलं मलम काही लावायचं नाही. आंघोळ कधी ते डिस्चार्जच्या वेळी विचारा. घरी नेताना मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नका, आपले रस्ते माहिती आहेत, कुणाची तरी कार सांगा.

लगेच हॉस्पिटल गाठायचं कधी

१०१च्या वर ताप उतरत नाही. जखम लाल, गरम, फुगलेली, पू किंवा रक्त येतंय. उलट्या थांबत नाहीत, आठ तास लघवी नाही. पोरगं सुस्त, उठवलं तरी नीट उठत नाही, श्वासाला ओढ लागल्या. टॉन्सिलमध्ये लाल रक्त थुंकलं किंवा झोपेत सारखं गिळतंय, मग तो पहिला दिवस असो की पाच ते दहा दिवसांनी खपली निघतानाचा, थांबायचं नाही. प्लास्टर असेल तर बोटं निळी, थंड, बधिर किंवा असह्य दुखणं, हे सकाळपर्यंत थांबवायचं काम नव्हे. हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

नंतरचे पंधरा दिवस

पोरगं परत अंथरुण ओलं करेल, रात्री दचकून उठेल, आईला सोडणार नाही, भावाला मारेल. एक-दोन आठवड्यात बहुतेक जातं. रागवू नका, पण सगळे हट्ट पण पुरवू नका, नाहीतर मोबाईल कायमचा त्याचा झाला समजा. शी कडक होते, पाणी आणि फळं द्या, हर्नियावाल्याला कुथायला लावू नका.

डिस्चार्जचा कागद आणि सगळी बिलं त्याच फाईलीत. काढलेली गाठ तपासायला पाठवली असेल तर तो रिपोर्ट नंतर येतो, तो आणायचं बहुतेक जण विसरतात, तारीख विचारून ठेवा. शाळेत सोडताना बाईंना आणि पी.टी.च्या सरांना दोघांना चिठ्ठी द्या, किती दिवस खेळ, सायकल, उड्या नकोत ते लिहून, कारण बाईंना सांगितलेलं मैदानावर पोचत नाही आणि पोरगं स्वतःहून तर सांगणारच नाही.